सी भाषेतील सोर्स फाइलची लेखनशिस्त : बेल प्रयोगशाळेपासून विदर्भातील संगणककक्षापर्यंत

बीजशब्द : सी भाषा, सोर्स फाइल, लेखनसंकेत, मोडी दप्तर, विदर्भातील संगणकशिक्षण

प्रस्तावना

प्रोग्राम हा संगणकासाठी लिहिला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. 'सी' भाषेच्या बाबतीत हा समज अर्धाच खरा ठरतो. कंपायलरला शब्दांमधील जास्तीच्या रिकाम्या जागा, नव्या ओळी, डावीकडे सोडलेला समास यांच्याशी काहीही कर्तव्य नसते. प्रीप्रोसेसरच्या ओळी वगळल्या तर शेकडो ओळींचा प्रोग्राम एकाच लांबलचक ओळीत लिहिला, तरीही तो तितक्याच अचूकपणे चालतो. असे असताना महिरपी कंस कोणत्या ओळीवर उघडावा, समास दोन अक्षरांचा असावा की आठ, चलाचे नाव एका अक्षराचे असावे की तीन शब्दांचे, या प्रश्नांवर गेली पन्नास वर्षे जगभरातील प्रोग्रामर हिरीरीने वाद घालीत आले आहेत. हा वाद यंत्राविषयीचा नसून वाचणाऱ्या माणसाविषयीचा आहे. एकाने लिहिलेली फाइल पुढे दुसऱ्याला वाचावी लागते, दुरुस्त करावी लागते, आणि तो दुसरा बहुधा पहिल्याला कधीही भेटलेला नसतो.

प्रस्तुत निबंधात या लेखनसंकेतांचा इतिहास मांडला असून, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील, विशेषतः भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यापर्यंत हे संकेत कोणत्या रूपाने पोहोचले, याचा विचार केला आहे. सदर विषयाकडे बहुधा तांत्रिक बाब म्हणून पाहिले जाते. वास्तविक तो लेखनसंस्कृतीच्या इतिहासाचा भाग आहे, आणि मराठी मुलुखाला त्या इतिहासाची ओळख संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे.

दप्तरातील पूर्वपरंपरा

सन १८५३ मध्ये इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा करेपर्यंत भंडारा हा भोसल्यांच्या अमलाखालील प्रदेश होता. या राज्याचा मराठी कारभार ज्या लिपीत चाले ती मोडी. परंपरा मोडीचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत यास देते, आणि राजदरबारी लेखन कसे करावे हे सांगणारी 'मेस्तके'ही त्याच्याच नावावर मोडतात. श्रेयाचा प्रश्न वादग्रस्त असला तरी मेस्तकांचे अस्तित्व महत्त्वाचे आहे. कोणाला कोणता मायना लिहावा, मजकूर कोठे सुरू करावा, तारीख कोठे घालावी, हे कारकुनाच्या मर्जीवर न सोडता लिहून ठेवण्याची गरज तेव्हाही भासली होती.

मोडीचा कारकून प्रथम कागदभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिला अक्षरे लटकवीत जाई. हात उचलावा लागू नये म्हणून शब्द तोडले जात नसत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळला जात नसे. वेग हा त्या लिपीचा हेतू होता. याउलट पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात, कारण त्या अनेकांना व दीर्घकाळ वाचावयाच्या असत. पत्राच्या अखेरीस मर्यादेचा शिक्का उमटवीत, जेणेकरून त्याखाली कोणास काही घुसडता येऊ नये. दप्तरात नोंद झाल्याच्या खुणाही कागदावर केल्या जात. हे सारे संकेत मजकुराच्या अर्थात भर घालीत नाहीत, पण त्यांच्याविना मजकुरावर विसंबता येत नाही. आज मोडी कागदांचे ढीगच्या ढीग पुराभिलेखागारांत पडून आहेत, आणि ते वाचणारे मोजके. कागद टिकला, शाई टिकली. संकेत जाणणारा वाचक मात्र उरला नाही.

बेल प्रयोगशाळा आणि टेलिटाइपचे बंधन

'सी' भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविली व १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा तीत पुन्हा लिहिला गेला. तिच्या दिसण्याचा काही भाग पूर्वजांकडून आला. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएल भाषेपासून केन थॉम्पसन यांची 'बी' भाषा निघाली आणि 'बी'पासून 'सी'. महिरपी कंस 'बी'मध्येच आलेले होते. बीसीपीएलमधील दोन तिरप्या रेघांची टीप मात्र मध्ये गळाली; ती सी प्लस प्लसने पुन्हा उचलली आणि १९९९ च्या प्रमाणकाद्वारे ती 'सी'त अधिकृतपणे परतली.

या भाषेतील नावे आखूड का, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे यंत्रसामग्रीत सापडते. त्या काळी प्रोग्रामर ज्या टेलिटाइपवर काम करीत, तो सेकंदाला सुमारे दहा अक्षरे छापी. प्रत्येक अक्षर बोटांना आणि कानांना जाणवत असे. फाइल निर्माण करण्याच्या युनिक्समधील आज्ञेच्या नावातून इंग्रजी 'क्रिएट' शब्दाचा शेवटचा 'ई' गाळला गेला, आणि युनिक्स पुन्हा घडवायचे झाल्यास काय बदलाल, या प्रश्नाला थॉम्पसन यांनी तो 'ई' परत घालीन असे उत्तर दिल्याची आठवण प्रसिद्ध आहे. पुढे १९८९ चे अमेरिकन प्रमाणक आले, तेव्हाही बाह्य नावांच्या पहिल्या सहा अक्षरांचीच हमी देण्यात आली होती, कारण जुने लिंकर तेवढीच अक्षरे ओळखत. मोडीतील आखूड रूपे आणि 'सी'तील आखूड नावे यांच्यामागे लिहिणाऱ्याचे श्रम हे एकच कारण आहे.

ओळीच्या लांबीचा संकेत तर 'सी'हूनही जुना आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ऐंशी स्तंभांचे पंचकार्ड आणले. कार्डे गेली, पडदे आले, पण १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवरही स्तंभ ऐंशीच राहिले. लिनक्स गाभ्याच्या तपासणी-आज्ञावलीने ऐंशीची मर्यादा शंभरवर नेली ती २०२० मध्ये, म्हणजे पंचकार्डानंतर ब्याण्णव वर्षांनी.

ब्रायन कर्निघन व पी. जे. प्लॉगर यांचे प्रोग्रामलेखनाच्या शैलीवरील पुस्तक १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील उदाहरणे फोर्ट्रान आणि पीएल-वन या भाषांतील होती, तरी प्रोग्राम हा गद्याप्रमाणे वाचला व सुधारला जावा, ही दृष्टी तेथे पक्की झाली. कर्निघन व रिची यांच्या १९७८ च्या 'सी'वरील ग्रंथाने भाषेबरोबर एक मांडणीही जगभर नेली. कंसांच्या जागेविषयी मात्र लेखकद्वयाने आश्चर्यकारक उदारता दाखविली. लोक या बाबतीत फार आग्रही असतात खरे, पण कोणतीही एक रीत निवडून तिला सातत्याने चिकटून राहावे, एवढेच त्यांचे सांगणे होते.

सातत्य एका माणसाला जमते. शंभर माणसांना ते लेखी नियमांवाचून जमत नाही. बेल प्रयोगशाळेच्या इलिनॉय राज्यातील इंडियन हिल केंद्रात (नावाचा भारताशी काही संबंध नाही) 'सी'साठी लेखननियमांची एक पुस्तिका तयार झाली. टोरांटोचे हेन्री स्पेन्सर व इतरांनी पुढे तिच्यात भर घातली. फाइलच्या माथ्यावर काय असावे, घोषणांचा क्रम कोणता, टीप कोठे लिहावी, हे त्यात तपशीलवार येते. मेस्तकांशी परिचित असलेल्या वाचकास ही पुस्तिका परकी वाटणार नाही.

कंसांचा वाद

यानंतरचा इतिहास हा घराण्यांचा इतिहास आहे. बर्कलेच्या युनिक्स शाखेतील एरिक ऑलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीत उघडणारा कंस स्वतंत्र ओळीवर, अटीच्या बरोबर खाली येतो. त्यामुळे उघडता व मिटता कंस एका उभ्या रेषेत दिसतात. कर्निघन-रिची रीतीत तो अटीच्या ओळीच्या शेवटी बसतो आणि एक ओळ वाचते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचे नियम तिसरेच. तेथे समास दोन अक्षरांचा, कंस स्वतंत्र ओळीवर आणि तोही आत सरकवलेला, तर फंक्शनचे नाव ओळीच्या पहिल्या स्तंभात, म्हणजे ते साधनांना सहज शोधता यावे. मायक्रोसॉफ्टमध्ये चार्ल्स सिमोन्यी यांची 'हंगेरियन' पद्धत रुजली. चलाच्या नावाआधी त्याचा प्रकार सांगणारी अक्षरे जोडण्याची ही रीत विंडोजच्या असंख्य फाइलींतून आजही डोकावते.

लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्‌स यांनी १९९० च्या दशकात गाभ्यासाठी लिहिलेला नियमलेख या सर्वांत खुसखुशीत आहे. ग्नूचे नियम छापून घ्यावेत आणि न वाचता जाळावेत, अशा सल्ल्यानेच त्याची सुरुवात होते. थट्टेच्या आड युक्तिवाद मात्र भक्कम आहे. समास आठ अक्षरांचा असावा, कारण वीस तास सलग पडद्याकडे पाहिल्यावर लहान समास दिसेनासा होतो. तीनपेक्षा अधिक पायऱ्या आत जावे लागत असेल तर दोष समासाचा नसून प्रोग्रामच्या रचनेचा आहे. कंस ओळीच्या शेवटी ठेवावा, कारण पंचवीस ओळींच्या पडद्यावर रिकामी ओळ ही मोलाची वस्तू आहे, ती टिपांसाठी राखावी. हंगेरियन पद्धतीची तेथे रेवडी उडविली आहे, कारण प्रकार तपासणे हे कंपायलरचे काम, माणसाचे नव्हे. यातील प्रत्येक नियमामागे वाचणाऱ्याचा डोळा किंवा त्याची स्मरणशक्ती कोठे कमी पडते, याचे निरीक्षण आहे, आणि हे या लेखाचे खरे बलस्थान म्हणावे लागेल.

२०२० मध्ये याच नियमलेखात 'स्वामी-दास' आणि 'काळी यादी-पांढरी यादी' अशा अर्थाच्या इंग्रजी संज्ञा नव्या लेखनात टाळाव्यात, अशी भर पडली. समास आणि कंसांपासून सुरू झालेला नियमलेख अशा रीतीने शब्दांच्या सामाजिक अर्थापर्यंत पोहोचला.

समास फसवतो तेव्हा

लेखनशिस्तीला केवळ नीटनेटकेपणा मानणाऱ्यांसाठी फेब्रुवारी २०१४ मधील घटना उद्बोधक आहे. ॲपलच्या उपकरणांतील सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या 'सी' फाइलीत 'गोटू फेल' ही एक ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली ओळ वरच्या अटीला बांधलेली होती. दुसरी कोणत्याच अटीला बांधलेली नव्हती, पण तिचा समास पहिलीइतकाच असल्याने ती बांधल्यासारखी दिसे. अटीभोवती कंस नव्हते. परिणामी अट खरी असो वा खोटी, नियंत्रण दुसऱ्या ओळीवरून थेट शेवटाकडे उडी घेई आणि सर्व्हरच्या स्वाक्षरीची अंतिम तपासणी कधी होतच नसे. बनावट सर्व्हरला खरा भासविण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली होती. कंपायलरने कंसांकडे पाहिले, माणसाने समासाकडे, आणि दोघांनी एकाच मजकुराचे दोन अर्थ लावले.

एकाच ओळीच्या आज्ञेभोवतीही कंस घालावाच, असा नियम ब्रिटिश मोटारउद्योगातून १९९८ मध्ये निघालेल्या मिस्रा नियमावलीत आहे. लिनक्सचा नियम याच्या नेमका उलट, एकेरी आज्ञेला कंस नको असे सांगतो. दोन्ही बाजू जाणत्यांच्या आहेत, तेव्हा येथे घाईने निवाडा देणे योग्य होणार नाही. तथापि २०१६ च्या जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत फसव्या समासाबद्दल इशारा देण्याची सोय आली, ही नोंद महत्त्वाची आहे. समासाशी कर्तव्य नसलेल्या कंपायलरला अखेर समास वाचावा लागला.

विदर्भातील संगणककक्ष

विदर्भात 'सी' शिकलेल्या पिढ्यांवर सर्वाधिक प्रभाव कोणत्या लेखनरीतीचा पडला, याचे उत्तर भंडाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटरवर, नागपुरात मिळते. व्हीजेटीआय मुंबई व आयआयटी कानपूर येथे शिकलेले नागपूरचे यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभर वाचले गेले. साध्या व्याजाचा हिशेब करणारा त्यातील आरंभीचा प्रोग्राम अनेकांच्या आयुष्यातील पहिलाच असावा. मुद्दल, मुदत आणि दर ही उदाहरणे भारतीय शाळेतल्या अंकगणितातून उचललेली होती, आणि पुस्तकाच्या यशाचे हे एक कारण मानता येईल. मांडणीच्या दृष्टीने हे पुस्तक ऑलमन घराण्यातले. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत कंस स्वतंत्र ओळीवर येतो, कंसांच्या आत मोकळी जागा सोडलेली असते आणि अर्धविरामाच्या आधीही एक जागा रिकामी असते. ही मांडणी नवशिक्याच्या डोळ्याला सुखावह आहे. प्रत्येक चिन्ह सुटे दिसते. बाळबोध वळणाची आठवण व्हावी इतके सुटे.

पुस्तकाइतकाच प्रभाव साधनाचा होता. बोर्लंड कंपनीचा टर्बो सी १९८७ मध्ये आला, आणि त्याची डॉसवरील निळी चौकट भारतीय महाविद्यालयांत कंपनीने ते उत्पादन सोडून दिल्यानंतरही कितीतरी वर्षे टिकून राहिली. विंडोजच्या चौसष्ट बिटी आवृत्त्यांवर ती चालेनाशी झाली, तेव्हा जुन्या डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या आज्ञावलीत ती चालविण्यात आली. या चौकटीने काही सवयी लावल्या. मुख्य फंक्शनला 'व्हॉइड' म्हणणे, आरंभी पडदा पुसणे, शेवटी एक कळ दाबण्याची वाट पाहणे आणि त्यासाठी प्रमाणकाबाहेरील हेडर फाइल जोडणे या त्यांपैकी ठळक होत. प्रमाणकानुसार सामान्य संगणकावर मुख्य फंक्शनने पूर्णांक परत करावयाचा असतो. प्रोग्राम यशस्वी झाला की फसला, हे बाहेरच्या प्रणालीला त्यावरूनच कळते. व्याजाचा हिशेब पडद्यावर दिसला की काम झाले, असे मानणाऱ्या वर्गात या परत येणाऱ्या आकड्याचे प्रयोजन कळणे कठीण होते. विद्यार्थ्याचा प्रोग्राम दुसरा कोणता प्रोग्राम वापरील, ही कल्पनाच तेथे नव्हती.

याहून खोल परिणाम परीक्षापद्धतीने घडविला. नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया (हा जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातूनच वेगळा झाला) येथील संलग्न महाविद्यालयांत 'सी' ही संगणकशाखेच्या विद्यार्थ्याची सहसा पहिली भाषा असते. लेखी परीक्षेत प्रोग्राम पेनाने, रेघी कागदावर लिहावा लागतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत तो हाताने उतरवावा लागतो. विसरलेल्या अर्धविरामाला गुण जातात, समासाला गुण नसतात. उत्तरपत्रिका एकदाच वाचली जाते आणि पुन्हा उघडली जात नाही. अशा लेखनात पुढच्या वाचकाचा विचार रुजावा तरी कोठून? याचा दोष एखाद्या शिक्षकाला देणे अन्यायाचे होईल. बेल प्रयोगशाळेत किंवा लिनक्सच्या प्रकल्पात नियम निर्माण झाले ते शेकडो जण एकाच फाइलीवर काम करीत होते म्हणून. महाविद्यालयात प्रत्येकाची फाइल वेगळी, आणि वर्षाअखेर ती पुसली जाते.

पुण्या-मुंबईच्या उद्योगात दाखल होताच परिस्थिती पालटते. तेथे नवोदिताला स्वतःचे नवे लिहिण्याआधी दुसऱ्याचे जुने वाचावे लागते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (१९६८) व पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स (१९७८) यांसारख्या कंपन्यांच्या वाढीत परदेशी ग्राहकांच्या प्रणाली सांभाळण्याचा वाटा मोठा होता, आणि सन २००० च्या तारखेच्या प्रश्नाने तर लक्षावधी जुन्या ओळी पुन्हा वाचण्याचे काम भारतात आणले. त्यांतील बहुतांश कोबोलच्या होत्या हे खरे, पण वाचकाची अडचण तीच होती. वर्ष दोनच आकड्यांत लिहिणारा मूळ लेखक निवृत्त झालेला असे, आणि त्याच्या संकेतांचा उलगडा मोडी वाचकाच्या चिकाटीने करावा लागे.

मुक्त प्रकल्पांचे दार

लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्ये 'स्टेजिंग' नावाचा विभाग उघडण्यात आला. दर्जाला न उतरलेले ड्रायव्हर तेथे ठेवले जातात, आणि नवागतांनी त्यांतील मांडणीचे दोष दुरुस्त करून पाठवावेत अशी प्रथा पडली. दोष शोधून देणारी 'चेकपॅच' ही आज्ञावली २००७ पासून गाभ्यासोबतच मिळते. चुकीचा समास, लांब ओळ, भलत्या जागचा कंस ती ओळीच्या क्रमांकासह दाखविते. या दुरुस्त्या क्षुल्लक आहेत, अशी तक्रार जुने जाणते अधूनमधून करतात व तीत तथ्यही आहे. पण महानगरातील ओळखीपाळखी नसलेल्या, भंडारा किंवा साकोलीच्या विद्यार्थ्याला जगातील एका मोठ्या प्रकल्पात नाव नोंदवण्यासाठी याहून कमी खर्चाचे दार दुसरे नाही. त्याला लागते ते इंटरनेट, ईमेल आणि नियमलेख बारकाईने वाचण्याची तयारी. अर्धविरामाआधी जागा सोडण्याची वर्गातली सवय तेथे पहिल्याच पत्राला परत पाठविली जाते, आणि सवयीला पर्याय असतो हे विद्यार्थ्याला बहुधा तेव्हाच कळते.

राज्यातील प्रयत्नांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी कंपायलरच्या अंतरंगाचा अभ्यास करणारे केंद्र चालविले गेले. तेथील विद्यार्थ्यांना ग्नूच्या दोन अक्षरी समासाशी प्रत्यक्ष झुंजावे लागले. त्याच संस्थेच्या, प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभारलेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील 'सी'चे पाठ टर्बो सी सोडून लिनक्सवरील जीसीसी वापरतात आणि ते मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. मुख्य फंक्शन पूर्णांक का परत करते, हे त्यामुळे मराठीतून ऐकता येते.

चलांच्या नावांचा प्रश्न अद्याप मोकळाच आहे. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने देवनागरी अक्षरे, मात्रा व हलन्त चिन्हासह, नावांत वापरण्यास मान्यता दिली होती. जीसीसीने ती थेट टंकलिखित करण्याची सोय २०२० च्या दहाव्या आवृत्तीत दिली. 'मुद्दल', 'मुदत' आणि 'दर' ही नावे देवनागरीत लिहून व्याजाचा तोच जुना प्रोग्राम आज विनातक्रार चालतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. त्यांत अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था लावलेली आहे. कंपायलरला मात्र ऱ्हस्व 'मुद्दल' आणि दीर्घ 'मूद्दल' ही दोन भिन्न चले वाटतात. ज्या भेदाकडे मोडीच्या कारकुनाने वेगापायी दुर्लक्ष केले, त्याच भेदावर देवनागरीत लिहिलेला 'सी' प्रोग्राम अडून बसतो. अशा फाइलींसाठी लेखननियमांची पुस्तिका अजून कोणी लिहिलेली दिसत नाही.